मिरचीमावशींना मी सांगितलेलं

तन्वी, ईशान,

तन्वीनं पाठवलेला लेख मी दोनदा वाचला. मिरचीला तिखटपणा देणारा घटक चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही, म्हणून त्याच्या गोळ्या घ्या, असं त्यात लिहिलं आहे. खाली तिचा प्रश्न आहे: "आजी, तू बायोलॉजी शिकवायचीस ना? हे खरं आहे का? मी मागवू?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण याच प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी एका बाईंना दिलं होतं आणि ते देताना माझ्याकडून चूक झाली. तुमच्या बाबालाही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही. तुम्हाला उत्तर द्यायचं तर आधी त्या बाई तुम्हाला माहीत व्हायला हव्यात.

मिरचीमावशींना मी कधी शिंकताना पाहिलं नाही. धाराशिवला आपल्या गल्लीच्या टोकाला त्यांचं मिरची कांडप. फाल्गुन-चैत्रात ते सकाळी सुरू झालं की अख्खी गल्ली खोकायची. पोस्टमन नाकाला रुमाल लावून पत्रं दारातूनच आत टाकायचा. मावशी मात्र त्या लाल धुळीत उभ्या राहून गिऱ्हाइकाच्या पोराबाळांची चौकशी करत असायच्या. पदरसुद्धा नाकाला नसायचा. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला सवय झाली असेल." त्या म्हणाल्या, "सवय न्हाय, बाई. वळख हाय. बारक्यापणी एकदा डोळ्यात गेलती, तवाच आमचं काय ते भांडण झालं."

मिरचीमावशी हे नाव तुमच्या बाबानं चार वर्षांचा असताना ठेवलं, आणि ते गावानं उचललं. मी त्यांना मावशीच म्हणायची, आणि त्या मला बाई. वयानं आम्ही बरोबरीच्या. त्या शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. मी इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा होता. माझ्या लेखी तो नव्हता असं मी समजत होते.

आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडून, कळंबकडून बायका एसटीनं मिरचीची पोती घेऊन यायच्या. मावशी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि सांगायच्या, "ही दोन दिस आजून वाळू दे. अशी कुटली तर म्हयन्यात बुरशी धरंल." गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण दमट मिरची त्या यंत्रात घालत नसत. एका बाईनं फारच गयावया केली, लांबून आलेय म्हणाली. मावशींनी तिची मिरची स्वतःच्या गच्चीवर दोन दिवस वाळवली, कुटली आणि डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला.

कुटण्याआधी देठं खुडायची असतात. बायका जमिनीवर गोल करून बसत. सासवा, सुना, माहेर, दवाखाने, सगळे विषय तिथं निघत. मावशींचं वजन वाढलं, गुडघे गेले, तसं त्यांना खाली बसता येईना. त्या स्टुलावर बसू लागल्या. ते त्यांना मनापासून आवडत नसे. "वरून बोललं की सासू झाल्यावानी वाटतंय," म्हणायच्या. "बायका जरा सावरूनच बोलायल्यात माझ्याम्होरं." गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी दहा किलो वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. दहा किलो उतरवायचे आणि पुन्हा खाली बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

एका दुपारी त्या माझ्याकडं काळा मसाला द्यायला आल्या. मी मोबाइलवर काही वाचत होते. "काय वाचायलाव?" त्यांनी विचारलं. योगायोग असा की मी तन्वीनं पाठवला तसलाच लेख वाचत होते. मला शिकवायची हौस, आणि समोर इतकी मन लावून ऐकणारी विद्यार्थिनी. मी सांगितलं की चरबीची पेशी जन्मतः भरलेली नसते. आधी एक कोवळी पेशी असते, ती पक्व होते आणि मग तिच्यात तेलाचे थेंब साठतात. प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेल्या अशा कोवळ्या पेशींवर मिरचीतला घटक घातला तर बऱ्याच पेशी पक्व होत नाहीत, काही मरतात.

मावशी म्हणाल्या, "म्हंजी पोतं शिवायच्या आदीच दोरा तोडायचा. पोतंच न्हाय तर भरणार कशात?"

तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं मला इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. मी खूश झाले. माणसाच्या शरीरात हे तसंच घडतं असं नाही, तिथं परिणाम अगदी थोडा दिसतो, हे मी पुढं सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग आत जळलं की समजायचं का, काम चालू हाय?"

गॅसवर दूध होतं. मी उठता उठता हसून म्हटलं, "तसंच काहीसं."

मी परत आले तेव्हा त्या निघाल्या होत्या. उरलेलं सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या भाकरीबरोबर दुप्पट ठेचा खाऊ लागल्या. सकाळी कोमट पाण्यात चमचाभर तिखट घेत. दर सोमवारी पोती तोलायच्या काट्यावर उभ्या राहत. देठं खुडणाऱ्या बायका म्हणत, "मावशे, बारदान वजा कर गं." मावशी म्हणत, "बारदानच तर कमी करायलेय." तीन आठवड्यांत दोन किलो उतरले. त्यांनी मला बोलावून काटा दाखवला. मला वाटलं, ठेच्यामुळं भाकरीच कमी जात असेल. पण त्यांचा चेहरा बघून मी ते बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात त्या माझ्या ओट्यावर टेकल्या. घामाघूम झाल्या होत्या. छातीच्या मधोमध हात ठेवून म्हणाल्या, "बाई, हितं जळायलंय. लागू पडायलंय औषध."

मी म्हटलं, "अहो, पित्त झालंय. इतकं तिखट खाऊ नका आता." पित्ताची गोळी दिली. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली, खाल्ली नाही. "पेटलेली चूल इझवायची व्हय?" म्हणाल्या आणि हळूहळू चालत गेल्या. मी दारातून बघत होते. पंधरा पावलांच्या रस्त्यात त्या दोनदा थांबल्या. तेही मला दिसलं. गुडघे दुखत असतील असं मी मनात म्हटलं.

मी आयुष्यभर हृदयाची आकृती फळ्यावर काढली. डावी जवनिका, उजवी जवनिका, रंगीत खडूंनी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास काही दिवसांपासून चालू असणार, दोन दिवस आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. त्यांची सून मंगल मला हे सांगत होती. माझा हात धरून सांगत होती. "पहाटेपासून म्हणायल्या की डावा हात भरून आलाय. म्या म्हनलं, आत्या, दवाखान्यात चला. तर म्हनल्या, येडी का काय, बाईंनी सांगितलंय, जळालं म्हंजी काम चालू हाय. तुमचं नाव लई घ्यायच्या, बाई. बाईंमुळं गुण आला म्हणायच्या."

मी तिला काही बोलले नाही. तेराव्यालाही बोलले नाही. दीड महिन्यानं कांडपावर गेले. मंगल एकटीच देठं खुडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, दूध, पित्ताची गोळी, रस्त्यात थांबणं.

मंगलनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी ती जळजळ मिरचीची नव्हती?"

"काही मिरचीची असेल. पण त्या दिवशीची हृदयाची होती. मला कळायला हवं होतं."

ती बराच वेळ मिरच्या खुडत राहिली. शेवटी म्हणाली, "मग आता हे ऐकून मी काय करू, बाई? आजपातुर मला वाटायचं, त्यांचे दिस भरले होते म्हणून गेल्या."

मी मन हलकं करायला गेले होते. तिच्यावर ओझं ठेवून आले.

तन्वी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. ताटलीतल्या पेशींबद्दल ते खरं आहे. माणसांत परिणाम थोडा, आणि त्या गोळ्यांवर विसंबण्याइतका तर नाहीच. गोळ्या मागवू नकोस. जेवणात तिखट आवडेल तेवढं खा. आणि तुमच्यापैकी कुणाच्याही छातीत जळजळलं, घाम आला, हात जड झाला, तर कारण शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. मला फोन नंतर करा. एखादी गोष्ट कुणाला समजावून सांगायला बसलात, तर ती पूर्ण सांगा. दूध उतू जाऊ दे.

कांडप चालू आहे. मंगल ते चालवते, आणि दमट मिरची परत पाठवते. दरवर्षी चैत्रात माझा मसाला न सांगता घेऊन येते. डबा दारात माझ्या हातात देते, "बऱ्या हाव का?" असं विचारते, आणि आत ये म्हटलं तरी आत येत नाही.