मोठेबाबांचे दोन गाल

साबणाचा फेस या जगात दोनच माणसांना कळला, एक आमच्या आजोबांना आणि दुसरा मोठेबाबांना, असं मोठेबाबांचं ठाम मत आहे. आजोबा वारल्यापासून हा सगळा भार ते एकटेच वाहतात. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याहत्तर, अंगावर मूठभर मांस, आणि गाल असे की माशी बसली तर घसरते. ही माशी घसरलेली मी स्वतः पाहिली आहे. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., ऐकीव गोष्ट लिहीत नाही. दाढी केल्याशिवाय या माणसानं कळत्या वयापासून एक सकाळ काढली नव्हती, आणि न्हाव्याच्या खुर्चीला जन्मात पाठ लावली नव्हती. केससुद्धा आमची मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, घरीच कापते. या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान. गेल्या हिवाळ्यात मात्र दोन्ही एकदमच मोडायची वेळ आली.

त्याआधी त्यांची पद्धत सांगितली पाहिजे. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मोठेबाबांनी मजूर म्हणून आयुष्यभर चिखल तुडवला. तिथले साहेब एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, जुनं वाण लावत, शेजारच्या बांधीत नवं, आणि मग दोन्हीकडच्या लोंब्या मोजत. मोठेबाबांनी पाहिलं की देवानं नाही, तर निसर्गानं प्रत्येक माणसाला दोन बांध्या तोंडावरच दिल्या आहेत. तेव्हापासून डाव्या गालावर नेहमीचा साबण आणि उजव्यावर नवा, असा प्रयोग घरात चालू आहे. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे निकाल स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं मांडलेला असतो: वर एक ‘डा’, एक ‘उ’, आणि खाली नुसत्या उभ्या रेघा. मोठीआई दिवाळीला सगळं घर सारवते, पण तेवढा हातभर तुकडा सोडून. साबण मात्र दुकानातला सर्वांत स्वस्तच हवा. मी पहिल्या पगारात त्यांना एक भारी विलायती साबण आणून दिला तर त्यांनी तो हुंगला आणि मोठीआईला हात धुवायला देऊन टाकला. म्हणाले, “म्हागाचा साबन त कोनाच्याबी गालावर फेसते. सस्त्याले फेसावलं त मानूस.”

आणि ते फेसावतात, हे मान्य केलं पाहिजे. जर्मनच्या वाटीत ती गोल वडी ठेवायची, वर चमचाभर कोमट पाणी सोडायचं आणि तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेवढ्या वेळात मोठेबाबा त्रिसरण-पंचशील सावकाश म्हणून घेतात. घाई केली तर साबण रुसतो म्हणे. मग भिजलेला ब्रश तीनदा झटकायचा, वडीवर चाळीस वेळा फिरवायचा आणि थेंब थेंब पाणी देत फेस गालावरच उठवायचा. स्वस्ताचा फेस लवकर सुकतो म्हणून एका वेळी एकच गाल. त्यात मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा एक थेंब. दोन पडले तर दाढीऐवजी भजी होतात. पाणी बोरिंगचं चालत नाही, ते फेस मारतं. फिल्टरच्या कॅनचं चालत नाही, त्यात जीव नसतो. पाणी बोडीचंच, म्हणजे गावच्या तळ्याचंच पाहिजे, फडक्यातून गाळलेलं. मी कॉलेजात असताना फेसाचा फवारा असलेला डबा घेऊन आलो होतो. त्यांनी बटण दाबलं, पांढरा ढीग तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि मला म्हणाले, “बाबू, थो दुकानदार तुले हवा विकून राह्यला.”

या शास्त्रापायी आमची कुठेकुठे शोभा झाली ते विचारू नका. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही गोंडपिपरीला गेलो होतो. त्या दिवशी उजव्या गालावर हिरव्या डबीतल्या साबणाचा प्रयोग होता. मोठेबाबांनी नवरदेवाच्या वडलांशी हात मिळवून जयभीम केला, आणि त्यांचा तोच हात धरून आधी आपल्या डाव्या गालावर आणि मग उजव्यावर फिरवला. “सांगा भाऊ, कोनता सरस?” व्याह्यांना वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनी गंभीरपणे मोठेबाबांचे दोन्ही गाल चाचपले, मग माझे चाचपले, आणि रांगेतल्या प्रत्येकाचे चाचपत थेट मंडपापर्यंत गेले. त्या गावात अजून आमची ओळख ‘गालवाले पाहुणे’ अशी आहे.

आता ही विद्या घरात आली कशी, तेही सरळच सांगतो. आमच्या गावचा जुना न्हावी चिंचेखाली बसायचा आणि गावभरच्या दाढ्या करायचा, फक्त आमच्या मोहल्ल्याच्या करायचा नाही. आजोबा नागपूरला दीक्षेला निघाले तेव्हा त्यांनी कपड्याच्या साबणानं स्वतःची दाढी केली, आणि अकरा ठिकाणी कापलेलं तोंड घेऊन धम्मात गेले. येताना दाढीच्या साबणाची एक गोल वडी घेऊन आले. मग हळूहळू त्यांचा हात बसला, मोठेबाबांचा बसला, आणि मोहल्ल्यातली माणसं आमच्या अंगणात येऊन फेस शिकू लागली. खूप पुढे, मी दहावीत असताना, कुंपणापाशी उभा राहून शिकणारा आणखी एक जण निघाला. तो त्याच न्हाव्याचा नातू, माझा वर्गमित्र. आपल्या आजोबाला चोरून यायचा. मोठेबाबांनी महिनाभर त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि एक दिवस ओरडले, “थो ब्रश उलटा पाहून राह्यला का बे? आत येऊन पाह्य!”

तोच मित्र नागपूरला काम शिकून आला आणि गेल्या हिवाळ्यात त्यानं बसथांब्याजवळ सलून काढलं. फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, सगळं काही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात येऊन खाटेसमोर उकिडवा बसला. “मोठेबाबा, पयली दाढी तुमची. तुमी बसल्याबिगर मी दुसऱ्याले बसवत नाई.”

मोठेबाबा म्हणाले, “मले काय हात नाईत?” आणि बोडीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते उद्घाटनाला गेले खरे, पण गुळगुळीत दाढी करून. मित्रानं त्यांचा चेहरा पाहिला. “इथी त काईच ठेवलं नाई तुमी!”

“मंग? लोकाच्या कार्यक्रमात अस्वल होऊन येऊ का?”

मित्रानं रिबीन कापायची कैची खिशात घातली. “हरकत नाई. मंग उद्या.”

उद्याही तेच झालं, परवाही तेच. लाल रिबीन दाराला तशीच, सलून बंद, आणि नव्या खुर्चीत बसायचंच म्हणून अडून राहिलेल्या गावातल्या दाढ्या दिवसेंदिवस वाढत चाललेल्या. माणसं अंगणावरून जाताना टोमणे मारू लागली, “काय जी मोठेबाबा, तुमी नाई, पन तुमच्यापायी आमी अस्वल होऊन राह्यलो!”

तिसऱ्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी शिकलेला माणूस. समोर बसून चांगलं भाषण दिलं. म्हटलं, ज्या हातानं नाकारलं तोच हात आज बोलावतो आहे, हा तुमचा अधिकार आहे, तो तुम्ही घेतलाच पाहिजे. मोठेबाबांनी शांतपणे ऐकलं. “अधिकार होय, बाबू. पन गाल माहा हाये.” मग बराच वेळ ब्रशचे केस बोटांनी सरळ करत बसले. “त्याच्या आज्याचा राग नाई मले. बानं एकच गोष्ट शिकवली, कोनाच्या हाताची वाट पाहू नोको. आता या पोट्ट्याच्या हाताखाली मान देली, त बाचं शिकवनं वाया जाते का, येवढंच पाहून राह्यलो.”

मी बी.ए.तले आणखी मुद्दे जुळवू लागलो. उत्तर चुलीपाशी होतं. मोठीआई भाकर उलटत, मान न वळवता म्हणाली, “पोट्टं फेस कोनापाशी शिकलं? तुमच्यापाशी. तुमी कोनापाशी शिकले? मंग हात कोनाचा होय थो? माह्या सासऱ्याचाच ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर आरसा खिळ्याला टांगलेला आणि वाटी कोरडी. पंचशील म्हणून झालं होतं आणि ते नुसते बसले होते. हातांना काय करावं ते समजत नव्हतं. एकदा वाटी उचलायचे, एकदा ठेवायचे. त्यांच्या गालावर पांढरे खुंट मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मोठेबाबा म्हातारे आहेत हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, “चला मग.” तर म्हणाले, “आज नाई. एका दिसाच्या दाढीत पोट्ट्याची परीक्षा होत नाई.”

पाचव्या दिवशी आम्ही निघालो. थैलीत वाटी, साबण, तेल आणि बाटलीभर बोडीचं पाणी. रिबीन कापली गेली. मोठेबाबांनी बसायच्या आधी खुर्ची एकदा हातानं फिरवून पाहिली, मग बसले, आणि बसल्या बसल्या सुरू झाले: पानी जास्त झालं, आता तेल, एक थेंब, एकच म्हनलं ना बे, ब्रश दाबू नोको, थो काय झाडू होय? मित्र “हो जी, हो जी” करत होता. कपाळाला घाम. दुकानात आणि दारात मिळून चाळीस माणसं, सगळी अस्वलं. मग डाव्या गालावर फेस उभा राहिला, त्यानं रेझर घेतला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मोठेबाबांच्या हनुवटीखाली ठेवून चेहरा अलगद वर उचलला.

मोठेबाबा बोलायचे थांबले. नंतर शेवटची तुरटी फिरेपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. डोळे मिटलेले. भोवती चाळीस माणसं उभी होती आणि रेझरचा बारीक आवाज तेवढा ऐकू येत होता.

परत येताना मी त्यांना विचारलं, “कशी झाली?” त्यांनी माझा हात धरून दोन्ही गालांवर फिरवला. मी म्हटलं, दोन्ही सारखेच आहेत. “हो ना,” ते म्हणाले, “दोनी गालाले एकच साबन लावला त्यानं. प्रयोग फसला म्हना.” पण हात लगेच सोडला नाही.

वाटेत जुन्या न्हाव्याची ती चिंच लागते. आता तिच्याखाली कोणी बसत नाही, पानं पडलेली असतात. मोठेबाबा तिथे थांबले. ऊन तोंडावर येईल असे उभे राहिले, आधी डावा गाल पुढे केला, मग उजवा, सावकाश, जणू कुणी तरी पाहणार होतं आणि त्याला पाहायला वेळ द्यायचा होता. मग थैली खांद्यावर घेतली.

“चाल,” म्हणाले, “बोडीवरून पानी घेऊन जाऊ. उद्या दाढी हाये.”