तुरटीचा खडा

नवऱ्याने दाढीनंतर गालावर तुरटी फिरवली की मला अंबरनाथच्या आमच्या खोलीतली मोरी आठवते. शाळेच्या गॅदरिंगला धाकट्या बहिणीला कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेला आखूड फ्रॉक घालून नाचायचं होतं. “ताई, पाय किती केसाळ दिसतात गं!” म्हणून ती रडत होती. मीच बाबांच्या जुन्या ब्लेडने, साबणही न लावता, तिचे पाय खरवडले आणि बाबा करतात तशी वर तुरटी चोळली. ती किंचाळली. दोन दिवसांत पायभर पुवाच्या पुळ्या उठल्या, नाच राहिलाच. आईने दरडावलं तेव्हा बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, “मीच केलं.” तिच्या नडग्यांवरचे काळे डाग गेले नाहीत. तिची मुलगी विचारते, तेव्हा ती अजूनही तेच सांगते, आणि मी समोर बसून चहा पीत राहते.