चंद्रकलेच्या बारशाचा वरवंटा

आधीच सांगून टाकते, मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. मांजर आडवं गेलं म्हणून शाळा बुडवायची सोय माझ्या वर्गात नव्हती. अंगात येणं, करणी, उतारे... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात माझं पत्र बघून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू द्यात. वैनी गेल्या वर्षी गेली, आणि आता हे माहीत असणारी मी एकटीच उरलेय, म्हणून लिहिते.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीपासून चालत दीड-दोन तासांवर, नाव मुद्दाम देत नाही. आम्ही धनगर. त्या उन्हाळ्यापर्यंत मेंढरं काही विकली, काही डोळ्यांदेखत गेली. गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. दादा तिथं खोदायला, वैनी आणि मी पाट्या टाकायला. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, त्यामुळे डोक्यावर पाटी आणि नाकावर माशी बसू न देणारा तोरा, असं एकूण होतं.

वैनीची पहिलीच मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. ऐन दुष्काळात झाली. बारसं करायचं म्हणजे चार बायका बोलवा, घुगऱ्या वाटा... ते काही जमलंच नाही. सगळे नुसतं 'बाळी' म्हणायचे. वैनीला त्याचं फार लागायचं. "बिननावाचं लेकरू कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, वन्सं?" असं ती म्हणायची. तिच्या अंगावरचं दूध आटत चाललं होतं. बाळीला घरी कुणाकडे ठेवणार, म्हणून बाभळीला झोळी बांधून ती कामावरच असायची.

आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात. पाळण्याच्या वरून-खालून बायका तो एकमेकींच्या हातात देतात, आणि मग बाळ. लेकरू दगडासारखं टणक व्हावं, लांब आयुष्याचं व्हावं, म्हणून. मग आत्या कानात नाव सांगते. आत्या म्हणजे मी.

एके दिवशी खड्ड्याची कड ढासळली. ती माती मोकळी करायला मी टिकाव घेतला, तो एका दगडावर बसला. काढून बघते तर वीतभर लांब, गुळगुळीत, अगदी छोटा वरवंटाच. माझ्या टिकावानं एका टोकाला टवका उडाला होता, तेवढाच पांढराफटक. मी तो ओच्यात घालून वैनीकडे नेला आणि म्हटलं, चला, आज बारसं उरकून टाकू.

दुपारच्या सुट्टीत केलं. टोपड्याच्या जागी पदराची चिंधी, घुगऱ्यांच्या जागी सरकारी सुकडी. बायकांनी दगड झोळीच्या वरून-खालून फिरवला. मी बाळीच्या कानात नाव सांगितलं – चंद्रकला. एक म्हातारी म्हणाली, "बया, नावच लेकरापेक्षा जड की गं." सगळ्या हसल्या. वैनी त्या दुष्काळात हसलेली मला तेवढी एकदाच आठवते. दगड तिनं झोळीतच राहू दिला.

चार-पाच दिवसांनी चंद्रकलेला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी पुड्या दिल्या, पाणी उकळून पाजा म्हणाले. उकळायला आधी पाणी तर पाहिजे. मला अजून ते आठवलं की राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

त्या दिवशी खडी फोडताना माझं बोट हातोड्याखाली सापडलं होतं, म्हणून मला झोळ्या सांभाळायला बसवलं. तीन झोळ्या. ऊन डोक्यावर. चंद्रकला दोन दिवस नुसती कण्हत होती. मी तिच्या ओठाला ओला बोळा लावत होते. मान वर केली तर झोळीच्या पलीकडे एक बाई उकिडवी बसलेली. ठेंगणी, केस मातीनं चिकटलेले. अंगावर काय होतं ते मला खरंच आठवत नाही. कामावर चार गावची माणसं, सगळ्यांचीच दशा तशी, मला वेगळं काही वाटलं नाही. "बाळ आजारी हाय, मावशी," मी म्हटलं.

तिनं झोळीत हात घातला आणि आधी तो दगड उचलला. छातीशी धरला. दगडाला कुणी असं धरत नाही... मान सावरून धरावी तसा धरला. मग दुसऱ्या हातानं चंद्रकलेला घेतलं. मी फटकळ. ओळख ना देख, आमचं लेकरू उचलते म्हटल्यावर मी बोलणारच होते. पण ती डुलायला लागली, नाकातल्या नाकात हूं-हूं करत, आणि चंद्रकलेचं कण्हणं थांबलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं बोटानं तिच्या कपाळावर काहीतरी टेकवलं. तेवढ्यात शेवटच्या झोळीतलं पोरगं रडायला लागलं, मी त्याला घ्यायला वळले. परत आले तर चंद्रकला झोळीत शांत झोपलेली, कपाळावर गेरूचं लाल बोट. बाई नाही. दगड नाही.

मी सगळीकडे विचारलं. कुणी पाहिली नव्हती. मुकादमाकडे आखणीचा चुना होता, गेरू कुणाकडेच नव्हता.

चंद्रकला दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. दादानं ओढ्याच्या वरच्या अंगाला खड्डा काढला. वैनीनं तिला आंघोळ घातली, पण कपाळ पुसू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही कामावर परत. घरी बसून काय खाणार? त्याच दिवशी कॉलेजचे एक सर आले. खोदताना मोठालं शिंग निघालं होतं, कामावरच्या साहेबानं त्यांना कळवलं होतं. आमच्या ढासळलेल्या कडेपासून दोन हात आत त्यांनी सुरीनं माती काढायला सुरुवात केली. वरती चुनखडीचा जाड, सलग थर होता. तो फोडून ते खाली गेले. मग आम्हाला हाका मारल्या.

लहान बाळ होतं. गुडघे पोटाशी, कुशीवर. हाडं खडूसारखी. कवटीच्या कपाळाशी लाल माती. आणि छातीशी तो दगड.

मी म्हटलं, "सर, हा आमचा. हा टवका माझ्या टिकावाचा हाय." सर चिडले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावून भिंग दिलं. टवक्यावर चुन्याची खपली धरलेली होती. "ताजा घाव पांढरा दिसतो, बाई. हा हजारो वर्षांचा आहे. आणि हा थर तेव्हापासून कुणी हलवलेला नाही." मी बघितलं. ते बरोबरच बोलत होते. टवका मात्र माझाच होता, त्याचा आकार मी ओळखत होते.

वैनी कडेला बसली होती. तिनं विचारलं, "हे कुणाचं लेकरू?"

सर म्हणाले, "शेतीच्याही आधीच्या माणसांचं. त्यांना ना नख्या, ना सुळे, ना पळायला वेग. आणि पिल्लू तर सगळ्या जनावरांत दुबळं. एकट्या आईच्यानं ते वाढत नाही, दुसरीनं धरावं लागतं. तसं धरत गेले म्हणून टिकले, आणि जगभर पसरले. आज माणूस पृथ्वीचा मालक झालाय तो त्यांच्यामुळे." मालक. आम्ही तिथं घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट बघत बसलेलो होतो.

वैनीला मी बाईबद्दल सांगितलेलं होतं. ती खड्ड्यावर ओणवी झाली. मग सरांना म्हणाली, "हिला नेऊ नका. आमची बी इथंच हाय." सरांनी चित्र काढलं, फोटो घेतले, आणि मला वाटतं स्वतःच्या मनाविरुद्ध, दगडासकट सगळं परत मातीनं झाकलं. पुढं तलाव झाला. दोघीही पाण्याखाली आहेत.

मी खूप वर्षं स्वतःला दोष दिला. एका मेलेल्या लेकराचा दगड मी जित्या लेकराच्या झोळीत घातला, असंच मनात यायचं. वैनीला एकदा तसं बोलून दाखवलं, तर ती माझ्यावर उखडली. "ती दगड न्यायला न्हाय आली. माझ्या पोरीला तिनं उगी केलं. मी पाट्या टाकत व्हते, तिनं धरलं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

उन्हानं मला भास झाला असेल. मग गेरू कुठला, आणि टवक्यावर खपली कशी? पन्नास वर्षं झाली, माझ्या विज्ञानाला याचं उत्तर सापडलेलं नाही. वैनी शेवटच्या आजारात दिवसातून दहा वेळा चंद्रकलेचं नाव घ्यायची. मला आता राहून राहून वाटतं, की त्या दुसऱ्या बाळाच्याही कानात कुणीतरी नाव सांगितलं असेल. ती बाई माझ्यापुढं हातभर अंतरावर बसली होती, आणि मी तिला ते नाव विचारलं नाही.