लाल सुताची शिवण

शिवणाच्या मशीनला तेल घातलं की त्या वासासरशी मला सिल्वासाचं वाचनालय आठवतं. मी तिथे ग्रंथपाल होते. छप्पर गळायला लागलं म्हणून दुरुस्तीसाठी वाचनालय बंद झालं आणि पुस्तकं कोरडी ठेवायला जागाच उरली नाही. सरकारी नोकर जामीन राहिल्याशिवाय कुणाला पुस्तक द्यायचं नाही, असा नियम होता. मसाटच्या सूतगिरणीतल्या खानदेशी कामगारांना जामीन कोण राहणार? मी नियम गुंडाळून ठेवला आणि सगळी पुस्तकं त्यांच्या खोल्यांवर धाडली. साहेब भडकले. "बाई, ही माणसं आज इथं, उद्या गावाला. दुरुस्तीनंतर उद्घाटन कशाचं करायचं, रिकाम्या कपाटांचं?" उद्घाटनाच्या सकाळी मी रिकामी कपाटं पुसत होते. तेवढ्यात गिरणीची रात्रपाळी सुटली आणि सायकलींची रांग फाटकाशी आली. हँडलला पिशव्या, पिशव्यांत पुस्तकं, पुस्तकांना मशीनच्या तेलाचा वास. उघडून बघते तर सुटलेली पानं गिरणीतल्या लाल सुताने घट्ट शिवलेली! "फाटेल होती ना मॅडम," एकजण म्हणाला, "वाचता वाचता शिवून टाकली." दुपारपर्यंत शेवटचं कपाट भरलं. साहेबांनी चष्मा पुसला, माझं पेन मागून घेतलं आणि त्या सगळ्यांच्या सभासदत्वाच्या अर्जांवर जामीन म्हणून स्वतःच सह्या करत बसले. एकूण एक पुस्तक परत आलं, हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगते. फक्त त्यातलं एक त्याच संध्याकाळी मी वाचायला घरी आणलं, ते तेवढं अजून परत करायचं राहिलंय.