जिवंत असल्याचं कळवत राहा

केळीच्या भावाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. एक सांगायला घ्यावं तर शेपटाला दुसरा येतो!

आमची मशीन तीन. जळगाव, धुळे, चोपडा. प्रत्येकानं बाकीच्यांना सारखं कळवायचं, 'मी आहे.' जो गप्प बसला त्याला उरलेले दोघं मिळून वाळीत टाकतात. आमचे सीनियर धुळ्याचे नाना. त्यांनी या निरोपाला अहिराणी शब्द दिला, 'शे'. म्हणजे 'आहे'.

पुण्याहून तपासणीला एक साहेब आले. मशीनच्या स्पीकरवर सारखं शे, शे, शे. बराच वेळ ऐकून काळजीनं म्हणाले, "हे सारखं छे छे का म्हणतंय? काय नकोय त्याला?"

*

चोपड्याचं मशीन उन्हाळ्यात सुस्तावतं. एकदा निरोप उशिरा आला, तोवर बाकीच्यांनी त्याला मेलेलं ठरवलं होतं. मग ते लाख ओरडलं, जुन्या नावानं आत घेईनात. नाना म्हणाले, "मेला म्हणून जाहीर झालेला परत आला, तर बारसं करावंच लागतं." नवीन नाव ठेवलं, चोपडा-दोन. तिथल्या सुनंदाताईंनी खरंच घुगऱ्या केल्या. सध्या चोपडा-सात सुरू आहे आणि आम्हाला घुगऱ्यांचा कंटाळा आलाय.

*

नशिराबादजवळ जेसीबीनं केबल तोडली. जळगावचं मशीन एकटं पडलं आणि एकट्यानं भाव दाखवायचा नाही या नियमाप्रमाणे थांबलं. आमचे मालक, शेठ, तणतणत आले. दिवा लागलाय, पंखा फिरतोय, मग भाव का दाखवत नाही म्हणे! फोनवर नाना शांतपणे म्हणाले, "शेठ, एकट्याची पंचायत होत नाही. पंचाईत होते."

*

गेल्या हिवाळ्यात मात्र हसू पळालं. शेठनी धुळ्याचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. दोन मशीन पुरे झाली म्हणाले. नानांनी जळगावला यायचं, नाहीतर घरी बसायचं. वहिनींची शाळेतली नोकरी धुळ्यात, घर धुळ्यात. नानांचा चेहरा बघवेना. मला तर शेठचा रागच आला होता.

आता शेठ आणि अमळनेरला राहणारे त्यांचे धाकटे भाऊ यांचं बोलणं बंद, हे सगळ्या गावाला माहीत. त्यांची आई होती तोवर ती दोन्हीकडे जायची, याचं त्याला सांगायची, दिवाळीला दोघांना एका पंगतीत बसवायची. ती वारली आणि तेही संपलं.

नाना जळगावला आले, शेठसमोर बसले. शेठनी विचारलं, दोन मशीनमध्ये अडतं कुठे?

"मधली लाइन तुटली, की हा म्हणतो तो मेला, तो म्हणतो हा मेला," नाना म्हणाले. "दोघंही जिवंत असतात, शेठ. पण माय नसते ना सांगायला."

 शेठ धुळं राहू द्या म्हणाले, उठले आणि चपला घालता घालता ड्रायव्हरला हाक मारली.

"गाडी काढ. अमळनेरला जायचंय."