काचेची न्हाणी

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात. तर ह्यांनी मागच्या हिवाळ्यात घरातली जुनी न्हाणी फोडली. भंडाऱ्यातलं आमचं घर लहानसं, पण न्हाणी मात्र ह्यांना अशी हवी होती की खाली सगळा खरा दगड आणि शॉवरभोवती काच. मी म्हटलं, आपण बादलीनं आंघोळ करणारी माणसं, हॉटेल काढायचंय का? हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस नव्हतीच. हे सगळं सासूबाईंसाठी चाललं होतं.

सासूबाई पवनीच्या. नदीत आणि तलावात मासे धरणाऱ्यांचं घर. उभा जन्म त्यांनी मासळीची टोपली डोक्यावर वाहिली आणि आंघोळ केली ती वैनगंगेच्या घाटावर, पायरीवर बसून, लुगड्यासकट. गुडघे गेले तसं धाकट्या दिरांनी त्यांचं नदीवर जाणं बंद केलं आणि घरामागे टाइल्स लावून न्हाणी करून दिली. तिथं पाय घसरून त्या पडल्या. दाराला आतून कडी. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना काढलं. फोनवर हे ऐकताना ह्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दारात हजर. "मायले इथं आणतो," एवढंच मला म्हणाले.

दगड का, तर "मायचे पाय दगडाले ओळखतात." काच का, तर कडी नको. दुधी काच असली की अंग दिसत नाही, पण आतलं माणूस बसलंय की पडलंय ते बाहेरून कळतं. दुकानात जाऊन ह्यांनी कोटा दगड निवडला, हिरवट निळा. निवडला म्हणजे चपला काढल्या, फरशीवर पाणी ओतायला लावलं आणि त्यावर उभे राहिले. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मिस्त्रीला बजावलं, घिसाई करायची नाही, मशीन लावायची नाही, जशी खरबरीत आहे तशीच ठेवायची. मिस्त्रीच्या जिवावर आलं. घिसाईशिवाय फरशी म्हणजे त्याच्या लेखी धान न कांडता शिजवायला घेतल्यासारखं.

फरशी बसली, काच यायची होती, तेव्हा हे गेले. ऑफिसातून आले, "जरा पंखा लाव," म्हणाले. मी पंखा लावून वळले, एवढंच.

अशा दिवसांतलं नंतर काही आठवत नाही, असं बायका सांगतात. मला सगळं आठवतं. फक्त ते माझ्यावर गुदरलं असं वाटत नाही, शेजारच्या घरात काहीतरी चाललंय आणि आपण ऐकतोय, तसं वाटतं. सासूबाई आल्या. लेक त्यांना आणायला जाणार होता, त्या लेकाच्या मातीला आल्या. घर माणसांनी भरलं. त्यात काचवाल्याचा फोन, "वहिनी, काच तयार आहे. दार कोणीकडे उघडायचं ठेवू?" घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी फोन कानाला धरून न्हाणीत गेले, उजवा हात पुढे करून पाहिला, डावा करून पाहिला, आणि म्हटलं, बाहेर उघडू द्या, आत माणूस पडलं तर दार अडत नाही. वाक्य ह्यांचं होतं. माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर आलं आणि मला काहीही झालं नाही. मग हँडल कोणतं, तेही सांगितलं. परत येऊन बसले तेव्हा एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "अजून रडली नाही." खरंच होतं ते.

तेरवीला पाहुणे येणार म्हणून मिस्त्रीनं हातातलं दुसरं काम सोडून आमचं पुरं केलं. तेरवीच्या आदल्या दिवशी मला बोलावून न्हाणीच्या दारात उभं केलं. फरशीत वरची ट्यूबलाइट लख्ख दिसत होती.

"भाऊचं शेवटचं काम होय, वहिनी. बिनघिसाईचं कसं सोडू? आपल्या मनानंच करून टाकली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी मी "करा" म्हटलं असतं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच "करा" म्हणत होते. छान झाली, असं मी त्याला सांगितलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, सासूबाई थांबल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि पाय सरकला. मी दंड धरला म्हणून वाचल्या. भिंतीला टेकून त्या आधी खाली पाहत राहिल्या, मग काचेकडे.

"हा दगड होय का वं? हा तं आरसा होय. अन् हे काच कायले? जिंदगीभर म्या मच्छी इकली, आता मलेच काचेत ठेवता?"

"त्यांनी तुमच्यासाठीच, माय..." मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्या मागच्या अंगणात, नळाखाली, लुगड्यासकट आंघोळ करू लागल्या. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, "धाकटा येऊन राहिला रविवारी. मी चालली त्याच्यासंग. तिथं नदी तं हाय."

मला त्या जायला नको होत्या. त्या सगळ्या दिवसांत हवी अशी ही एकच गोष्ट होती. भूक, झोप, रडू, बाकी कशाचीच मागणी नव्हती. मी ह्यांना 'हे' म्हणते. त्या गेल्या की ह्या घरात ह्यांना 'तो' म्हणणारं कोणी राहणार नव्हतं. पण राहा म्हणायला तोंड उघडेना.

शनिवारी गल्लीत हाक आली, "पाट्याले टाकीऽऽ, टाकी लावाऽऽ." गुळगुळीत झालेले पाटे-वरवंटे छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करून देणारी बाई. घरोघरी मिक्सर आल्यापासून ती क्वचितच फिरकते. आमचा पाटा माळ्यावर पडलेला. मी उठले आणि अनवाणीच फाटकाकडे धावले. कुणी न सांगता उठले, ते कित्येक दिवसांत तेव्हाच.

बाईनं न्हाणीत डोकावून पाहिलं. "एवढा मोठा पाटा? काय वाटता वं याच्यावर?"

"मले वाटून राहिली माही सून," सासूबाई अंगणातून ओरडल्या.

दुपारभर टकटक चालली. चकाकी उडत गेली, तांदळाच्या दाण्याएवढे टाके उमटत गेले, काचेवर दगडाची भुकटी बसली. एका फरशीचा कोपराही उडाला. नेमका तेव्हाच मिस्त्री आपली शिडी न्यायला आला आणि दारातच थिजला.

"वहिनी, हे काय केलं? भाऊची फरशी!"

"भाऊंना अशीच हवी होती ना," मी म्हटलं.

त्याला ते ठाऊकच होतं. चप्पल काढून त्यानं टाक्यांवर पाय घासून पाहिला, मग गुपचूप सिमेंट आणून उडालेला कोपरा भरून दिला.

रविवारी सकाळी सासूबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. दीर अकराच्या एसटीनं यायचे होते. मी गरम पाण्याची बादली न्हाणीत ठेवली आणि बाहेर स्टुलावर बसले. थोड्या वेळानं त्या उठल्या, पिशवीतून साबण काढला आणि आत गेल्या. शॉवरला हात लावला नाही. खाली बसल्या, घाटावर बसत तशा. दुधी काचेतून मला त्यांचा आकार दिसत होता. बसलेला. ह्यांनी सांगितलं होतं अगदी तसं सगळं कळत होतं.

"ये वं. पाठ घास."

मी आत गेले. त्यांनी पदर खाली घेतला होता. उजव्या खांद्याचं हाड किंचित वर आलेलं, मणक्याची पन्हळ खोल, कमरेशी जरा डावीकडे वळलेली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी ह्यांच्या ज्या पाठीला उटणं लावत आले, तीच ही. इतकी वर्षं ती माझ्या हाताखाली होती आणि ती आली कुठून हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझा हात थांबला. मग मी रडले, मोठ्यानं, आवाज काढून, त्या फरशीवर बसकण मारून.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. तांब्यानं अंगावर पाणी घेत राहिल्या. ते टाक्यांमधून वाहत माझ्या लुगड्याखाली आलं.

"त्याचीबी अशीच घासत होती मी, लहान होता तं," त्या म्हणाल्या. मग, "घास. जोरानं घास. अन् उद्या पाणी इतकं गरम नको ठेवजो."