वहीत न उतरवलेली ओळ

हे सांगायला घेतलं की मी दरवेळी दुसऱ्याच गोष्टीवर जातो. आजवर कुणाला सांगितलं नाही — घरी नाही, मित्रांत नाही, सुदामला तर नाहीच.

दोन हजार सालाच्या आसपास मी हिंगोलीला बी.एस्सी. करत होतो, विषय कॉम्प्युटर. वडील नरसीच्या बाजूला मेंढरं राखायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लॅबमध्ये आठ मशीन, चालू पाच. फ्लॉपी कधी उघडायची, कधी नाही. म्हणून आम्ही पोरांनी एक जाड वही ठेवली होती. प्रोग्रॅमचा एखादा उपयोगी तुकडा जमला — तारखा लावायचा, नावं अक्षरांप्रमाणे मांडायचा — की तो वहीत हातानं उतरवायचा. मग दुसऱ्यानं तो चालवून बघायचा आणि खाली लिहायचं, 'चाललं', आणि सही. त्या सहीवर सगळ्यांचा विश्वास. माझं निम्मं शिक्षण त्या वहीतूनच झालं — हे आधी सांगायला हवं, नाही का?

सुदाम औंढ्याकडच्या तांड्यावरचा. हळद शिजवायच्या दिवसांत त्याची नखं पिवळी असायची. वहीत सगळ्यात जास्त पानं त्याची. मला म्हणायचा, "हात आडवा धरून काहून लिहून राहिला रे? सासुरवाडीला पत्र हाय का?"

तिसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं, प्रोजेक्टच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याला लॅबमध्ये सहायक म्हणून ठेवू. पहिला कोण येणार? सुदाम, नाहीतर मी. आणि खरं सांगायचं तर — सुदामच.

फाइलमध्ये नोंद लिहायचा तुकडा मात्र मला आधी जमला. "टाक की मग वहीत," सुदाम म्हणाला. मी टाकला. माझ्या कागदावर शेवटी एक ओळ होती, फाइल बंद करायची. वहीत ती मी — राहून गेली, असं म्हणणं किती सोपं आहे. राहून गेली नव्हती. पेन तिथं थांबलं होतं. ती ओळ नसली तरी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की नोंद दिसते. बंद न करता लगेच यादी काढली, तर दिसत नाही. हे मला माहीत होतं. सुदामनं चालवला, बंद केला, उघडला, नोंद दिसली. त्यानं सही केली आणि तोच तुकडा आपल्या प्रोजेक्टात घेतला.

परीक्षेला बाहेरून आलेले सर त्याला म्हणाले, "एक नाव घाला आणि लगेच यादी दाखवा." नाव आलं नाही. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा नाही. मी मागच्याच खुर्चीवर होतो. सुदामनं वळून माझ्याकडे पाहिलं — आणि मी? मी माझ्या पडद्याकडे बघत राहिलो.

जागा मला मिळाली.

आठवड्यानं सुदाम लॅबमध्ये आला आणि त्यानं वही मागितली. मला वाटलं, कळलं. त्यानं ते पान काढलं, माझ्या अक्षराखाली ती ओळ लिहिली, आणि तिच्याखाली — 'मी नीट न बघता सही केली होती. सुदाम.'

"लिहिलं तर मी होतं," मी म्हणालो.

"तुह्याकडून राहिलं असल. बघायचं काम माझं होतं ना, सही माझी हाय. मागून येणाऱ्या पोरायला तकलीफ नको." मग तो औंढ्याची एसटी धरायला निघून गेला. पुढे शिकला नाही.

वही माझ्याच कपाटात राहिली. दरवर्षी नवी पोरं ते पान उघडायची आणि हसायची. "सर, न बघता सही करणारा हा सुदाम कोण?"

"होता एक आमच्या वर्गात," मी सांगायचो. "जरा घाईचा होता."

चार वर्षं मी हेच सांगितलं.